वरची दाढ काढण्याची वडिलांना वाटणारी भीती कशी दूर करावी?

कृष्णाकाठ

माझे वडील ६७ वर्षांचे असून त्यांना मधुमेह आहे. त्यांची वरची एक दाढ इतकी किडली आहे की ती काढावीच लागेल, असे दंतवैद्यांनी एक्स-रे पाहून सांगितले. ठणका लागला की वडील लवंगेच्या तेलाचा बोळा दाढेत धरतात, नाहीतर दुकानातून वेदनाशामक गोळी मागवतात. दवाखान्याचे नाव काढले की मात्र उठून जातात. वरची दाढ काढली की नजर जाते, असे त्यांनी लहानपणापासून ऐकले आहे आणि शेजारच्या एका काकांचे उदाहरणही ते देतात. शिवाय तरुणपणी भूल पुरती चढण्याआधीच त्यांची एक दाढ ओढून काढली गेली होती, ती आठवण अजून ताजी आहे. त्यांच्यावर जबरदस्ती करण्याची माझी इच्छा नाही. त्यांची समजूत कशी घालावी?

दंतवैद्य_नाशिक

वडिलांची भीती एक नसून दोन आहेत आणि दोन्हींची उत्तरे वेगळी आहेत, हे आधी लक्षात घ्यावे. नुसते ‘काही होत नाही, घाबरू नका’ म्हटल्याने यातली एकही भीती जात नाही, हे मी रोज पाहतो.

नजरेविषयीची समजूत आपल्याकडे घरोघरी आहे. दातांच्या संवेदना मेंदूकडे नेणारी नस ही मेंदूतून निघणारी पाचवी नस असते. तिच्याच फांद्या डोळ्याभोवतीच्या त्वचेला आणि कपाळालाही जातात, म्हणून वरची दाढ दुखली की कळ डोळ्यापर्यंत आणि कानशिलापर्यंत जाते. पण दृष्टीची नस पूर्णपणे वेगळी आहे आणि दाढ काढताना तिच्याशी काहीही संबंध येत नाही. ज्या वयात दाढा काढाव्या लागतात, त्याच वयात मोतीबिंदूही वाढतो. त्यामुळे शेजारच्या काकांसारखी उदाहरणे गावोगावी सापडतात आणि दोष दाढेच्या माथी येतो. खरे तर वरच्या दाढेतला पू तसाच साठू दिला, तर क्वचित प्रसंगी तो संसर्ग डोळ्याच्या खोबणीपर्यंत पोहोचू शकतो, म्हणजे डोळ्यांची काळजी असणाऱ्याने दाढ ठेवण्यापेक्षा काढणेच योग्य. वडिलांना मधुमेह असल्याने त्यांची नेत्रतपासणी तशीही वेळोवेळी व्हायला हवी. ती दाढ काढण्याआधी करून घेतली, तर नजर आज कशी आहे हे त्यांना स्वतःलाच कळेल आणि पुढे शंकेला जागा राहणार नाही.

दुसरी भीती अनुभवातून आलेली आहे, म्हणून ती खोटी ठरवू नये. दाढेभोवती तीव्र सूज किंवा पू असेल, तर तिथे आम्लता वाढते आणि भुलीचे औषध नीट काम करत नाही. अशा वेळी आधी संसर्ग आटोक्यात आणावा लागतो. वरच्या दाढेसाठी गालाच्या बाजूने दिलेले इंजेक्शन फारसे दुखत नाही, पण टाळूवरची त्वचा हाडाला घट्ट चिकटलेली असल्याने तिथली टोचणी जाणवते. त्या जागी आधी बधिर करणारे जेल लावून औषध अगदी सावकाश सोडले, तर ती बरीच सुसह्य होते. भूल चढल्यावर वेदना थांबते, मात्र दाब जाणवत राहतो आणि हाडातून कर्र असा आवाज कानात येतो. हे आधी सांगितले नाही, तर रुग्णाला वाटते की भूल चढलेलीच नाही.

रानजाई

माझ्या आईच्या बाबतीत सर्वाधिक उपयोग झाला तो एका साध्या ठरावाचा. तिने डावा हात वर केला की डॉक्टर लगेच थांबतील, असे खुर्चीत बसण्यापूर्वीच ठरले होते, आणि डॉक्टरांनी तो शब्द पाळला. पहिल्या भेटीत काहीही न करता केवळ तपासणी आणि बोलणे व्हावे, अशी विनंती आपणही करून पाहा. तरुणपणी काय घडले होते, ते वडिलांनी स्वतःच्या तोंडून डॉक्टरांना सांगितले पाहिजे. आपण सांगितले तर ते मुलांची तक्रार वाटते. सकाळची पहिली वेळ घ्यावी, कारण बाहेर ताटकळत बसून आतल्या यंत्राचा आवाज ऐकण्यातच अर्धा धीर खचतो.

कृष्णाकाठ

डॉक्टर, आपले उत्तर मी वडिलांना वाचून दाखवले. नजरेबद्दलचा भाग त्यांनी दोनदा वाचायला लावला आणि आधी डोळे तपासण्यास ते तयार झाले आहेत. त्या दिवशी उपाशी जावे का आणि मधुमेहाची गोळी बंद ठेवावी का, असे त्यांनी विचारले आहे.

दंतवैद्य_नाशिक

केवळ जागेवरची भूल देणार असतील, तर उपाशी जाऊ नये. रिकाम्या पोटी भीतीने चक्कर येते आणि मधुमेहात साखरही उतरू शकते. नेहमीची न्याहारी आणि नेहमीची गोळी घेऊन जावे, मात्र अलीकडचा साखरेचा अहवाल आधी दाखवावा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास ती स्वतःहून बंद करू नये. सर्व औषधांची पाकिटे सोबत न्यावीत आणि इंजेक्शननंतर काही मिनिटे छातीत धडधडल्यास डॉक्टरांना लगेच सांगावे. भुलीच्या औषधात बहुधा ॲड्रिनलिन असते, त्याने असे होऊ शकते आणि ते लवकर ओसरते.