मदत हवी आहे : भाषाविश्लेषणाचे स्तर आणि अडलेले एक वाक्य

काटोलवाट
एम.ए.च्या प्रबंधिकेसाठी मी एका मौखिक कथनाचे विश्लेषण करीत आहे. स्वन (उच्चारित ध्वनी), पद (शब्दाचे रूप), वाक्य, अर्थ आणि संदर्भ अशा पाचही स्तरांचे स्वतंत्र तक्ते केले आहेत. तरी मार्गदर्शकांचा शेरा आला, की यातून कथनाचा अर्थ कुठे उलगडतो? सगळे ‘भाऊ घर सोडून राहिला’ या वाक्यापाशी अडले आहे. सोमवारी प्रकरण द्यायचे असल्याने सुरुवात कोणत्या स्तरापासून करावी, तेवढे कृपया सांगावे.

धरमपेठी वाचक
अडले काय आहे, ते आपण लिहिलेलेच नाही. कथन कोणाचे, कुठले, आणि ध्वनिमुद्रण आहे की केवळ लिखित प्रत?

काटोलवाट
कथन काटोल तालुक्यातील एका आजींचे असून ध्वनिमुद्रण माझ्याजवळ आहे. मार्गदर्शक पुण्याकडचे आहेत. त्यांच्या मते भाऊ घर सोडून वेगळा राहू लागला. आम्हा नागपूरकडच्यांना मात्र तो त्या क्षणी घर सोडतो आहे, असेच ऐकू येते.

जुनी पोथी
मी अनेक वर्षे महानुभावीय गद्य, म्हणजे महानुभाव पंथाचे जुने मराठी ग्रंथ, वाचत आलो आहे, त्या अनुभवावरून सांगतो, की पदस्तरापासूनच सुरुवात करावी. ‘सर्वज्ञें म्हणितलें’ (सर्वज्ञांनी, म्हणजे चक्रधरस्वामींनी म्हटले) यातील ‘सर्वज्ञें’वरचा अनुस्वार तृतीया दाखवतो आणि बोलणारा कोण हे त्यावरूनच कळते. आपल्या वाक्यात ‘भाऊ’ आहे की ‘भावानं’, हे आधी तपासावे.

व्याकरणवेल्हाळ
ही कसोटी येथे निरुपयोगी आहे. ‘सोडणे’ सकर्मक असले, तरी प्रयोग ‘राहणे’ या अकर्मक क्रियापदावरून ठरतो. त्यामुळे दोन्ही अर्थांत ‘भाऊ’ प्रथमेतच राहणार. त्याऐवजी मधे स्थळवाचक शब्द घालून पाहा. ‘घर सोडून नागपुरात राहिला’ म्हणताच ‘राहिला’ हे मुख्य क्रियापद होते आणि वऱ्हाडी बोलीतला अपूर्ण काळाचा, म्हणजे ‘सोडतो आहे’ हा, अर्थ उरत नाही. निर्णय वाक्यस्तरावरच होईल.

मध्यप्रांत
वऱ्हाडीतील या रचनेचे मूळ कारण हिंदीचा सहवास हे आहे. नागपूर १९५६पर्यंत आधी मध्य प्रांताची आणि मग मध्य प्रदेशाची राजधानी होते. ‘जा रहा है’ आणि ‘जाऊन राहिला’ यांची ठेवण एकच आहे. प्रकरणाचा आरंभ या इतिहासाने व्हायला हवा.

धरमपेठी वाचक
रचना कुठून आली, यावरून या वाक्यात तिचा अर्थ कोणता, हे ठरत नाही. काटोलवाट, दोनच गोष्टी सांगा : ‘सोडून’नंतर आजी थांबतात का, आणि पुढचे वाक्य काय आहे?

परीक्षार्थी
नेट परीक्षेत स्वनिम आणि स्वनांतर यांतील फरक हमखास विचारतात, तेव्हा तो पाठ करून ठेवावा.

काटोलवाट
मला परीक्षेविषयी विचारायचे नव्हते. आजी थांबत नाहीत; ‘सोडून रायला’ एका दमात येते. पुढचे वाक्य आहे : ‘म्या म्हटलं, जेवून तं जा.’

धरमपेठी वाचक
मग निर्णय झालाच. निघून गेलेल्या माणसाला कोणी ‘जेवून तं जा’ म्हणत नाही. भाऊ अजून उंबऱ्याच्या आत आहे. ‘राहिला’चे रूप भूतकाळाचे दिसते, पण वऱ्हाडीत ते चालू क्रिया दाखवते, आणि आजी तर जुनी हकीकत सांगत आहेत. म्हणजे ऐन त्या ठिकाणी त्या गतकाळाचे अंतर पुसून भावाला समोर उभा करतात, आणि लगेच स्वतःचे शब्द जसेच्या तसे म्हणतात. पुणेरी वाचनात हा सगळा प्रसंग नाहीसा होतो आणि ‘तो वेगळा झाला’ एवढी माहिती उरते. पाच तक्ते बाजूला ठेवून प्रकरण या दोन अर्थांच्या संघर्षापासून सुरू करा. जो स्तर काही ठरवतो, तेवढाच तेथे आणा.

व्याकरणवेल्हाळ
संदर्भाला इतके श्रेय देणे मला मान्य नाही. बोलीत ही रचनाच नसती, तर ‘जेवून तं जा’ ऐकूनही अर्थ लागला नसता. ‘राहिला’ येथे सहायक क्रियापद झाले आहे, हे रूपावरून दाखवायचे असेल, तर लिप्यंतरात ‘राहून राहिला’ शोधा. ‘राहणे’ स्वतःलाच जोडले जात असेल, तर दुसऱ्या ‘राहिला’मध्ये मुक्कामाचा अर्थ उरलेला नाही.

काटोलवाट
सापडले. कथनाच्या शेवटाकडे त्याच भावाविषयी आजी म्हणतात : ‘आता तो पोराकडं राहून रायला.’ दोन्ही वाक्ये शेजारी ठेवून प्रकरण आज रात्रीच नव्याने लिहायला घेतो.