मदत हवी आहे: १०,००,००९ मूळ आहे का? अवयव पाहिजेत

परभणीकर: १०,००,००९ मूळ आहे की संयुक्त? संयुक्त असेल तर अवयव कसे काढायचे? ३, ७, ११, १३, १७, १९ नं भागून बघितलं, बाकी उरायलीय. उद्या सकाळी लागतंय, लवकर सांगा.

बालाघाट: कॅल्क्युलेटर चालतो का? नुसतं उत्तर पाहिजे की रीत?

गोदाकाठ: पायथॉन या संगणक-भाषेत दोन ओळींचं काम आहे. वर्गमूळ १००० च्या जरासं वर, म्हणजे ९९७ पर्यंतच्या १६८ मूळ संख्यांनी भागून बघायचं.

परभणीकर: संगणक नाही, कॅल्क्युलेटर नाही. कागद-पेन. रीत लिहून द्यायची आहे.

तेरणा: मग फर्मा या गणितज्ञाची रीत, संख्या दोन वर्गांच्या वजाबाकीत मांडायची. १००१ च्या वर्गातून ही संख्या वजा करा, १९९२ उरतात, पूर्ण वर्ग नाही. मग १००२, १००३… पूर्ण वर्ग उरला की अवयव हातात.

बालाघाट: अवयव एकमेकांजवळ असतील तरच ती लवकर सुटते. इथं १८५३ पर्यंत जावं लागतं, म्हणजे ८५३ वेळा वर्ग. उद्या सकाळपर्यंत कसं व्हायचं?

तेरणा: उत्तर माहीत असल्यावर बोलणं सोपं आहे. अवयव लांब आहेत हे आधी कसं कळणार?

बालाघाट: नाहीच कळत. म्हणून आधी संख्येचं रूप बघायचं: १०००² + ३². १००० आणि ३ मध्ये सामाईक अवयव नाही, त्यामुळं हिचा प्रत्येक मूळ अवयव ४ नं भागल्यावर १ च बाकी ठेवतो. ३, ७, ११, १९ नं भागायची गरजच नव्हती. १६८ च्या जागी ८० संख्या उरल्या.

मांजरा: १३ आणि ३७ तर तोंडी. ९,९९,९९९ ला दोन्हींनी भाग जातो, म्हणून बाकी १० च.

दुधना: सात अंकी सगळ्यात लहान मूळ संख्या १०,००,००३ आहे.

परभणीकर: ती नाही विचारली हो. ८० वेळा भागाकारच करायचा का?

पैनगंगा: नाही. दोन वर्गांची बेरीज दुसऱ्या तऱ्हेनं जमते का बघा. जमली की संख्या संयुक्त. ऑयलर या गणितज्ञानंही हीच संख्या अशीच तपासली.

२५ नं आणि ८ नं उरणारी बाकी बघितली, तर एका वर्गाच्या पायाचे (म्हणजे जिचा वर्ग केला त्या संख्येचे) शेवटचे दोन अंक ०३, २८, ४७, ५३, ७२, ९७ यांपैकीच येतात. १००० पासून खाली उतरा. ९९७: ६००० उरतात, वर्ग नाही. ९७२: ५५,२२५ उरतात, म्हणजे २३५².

आता १०००² − ९७२² = २३५² − ३²
२८ × १९७२ = २३२ × २३८

२८ आणि २३८ चा मसावि १४, भागून २ आणि १७. १९७२ आणि २३२ चा मसावि ११६. मसाविंची निम्मी ७ आणि ५८.

(७² + ५८²) × (२² + १७²) = ३४१३ × २९३

गुणून बघा.

परभणीकर: गुणलं, १०,००,००९ च आलं. पण मसावि २८ आणि २३८ चाच का?

पैनगंगा: एक अवयव डावीकडचा, एक उजवीकडचा, एवढंच बघायचं. २८ आणि २३२ घेतलं तरी चालतं: मसावि ४, दुसरा ३४, निम्मी २ आणि १७, भागाकार ७ आणि ५८. तेच अवयव.

तेरणा: आणि दुसरी बेरीज सापडलीच नसती तर?

पैनगंगा: १००० पर्यंत असे पाया ६० च आहेत. सगळे तपासून १०००, ३ सोडून दुसरी जोडी आली नसती, तर संख्या मूळ ठरली असती.