पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना इंग्रजी संशोधनलेखन शिकवताना आधी व्याकरण घ्यावे की मांडणी?

प्रश्न:
मी एका विद्यापीठात कृषी आणि रसायनशास्त्राच्या पीएच.डी. विद्यार्थ्यांना इंग्रजी संशोधनलेखन शिकवते. बहुतेकांचे शालेय शिक्षण मराठी माध्यमात झालेले आहे. त्यांची विषयाची जाण चांगली असते आणि प्रयोगही काटेकोर असतात, पण शोधनिबंधाची प्रस्तावना लिहायला घेतली की घोडे अडते. आधी व्याकरण पक्के करून घ्यावे, असा मार्गदर्शकांचा आग्रह असतो. मात्र व्याकरणाचे स्वाध्याय बिनचूक सोडवणारे विद्यार्थीही लिहिताना छापील निबंधांतली वाक्ये दोन-चार शब्द बदलून उचलतात. तासिका मोजक्याच मिळतात. सुरुवात कोठून करावी?

उत्तर १:
मांडणीपासून करावी, असे माझे ठाम मत आहे. भाषाभ्यासक जॉन स्वेल्स यांनी 1990 मध्ये प्रस्तावनेच्या ज्या तीन पायऱ्या मांडल्या, त्या आमच्याकडे फार उपयोगी पडतात: विषयाचे महत्त्व आणि आजवरचे काम सांगणे, त्यातील उणीव दाखवणे आणि ती आपण कशी भरून काढणार हे स्पष्ट करणे. कांदाचाळीतील नुकसानीवर काम करणाऱ्या एका विद्यार्थिनीची प्रस्तावना ‘शेती हा भारतीय अर्थव्यवस्थेचा कणा आहे’ या वाक्याने सुरू झाली होती, आणि ‘पूर्वीच्या अभ्यासांत एकूण वजनातील घट मोजली गेली, परंतु सड आणि कोंब यांमुळे होणारी घट वेगळी काढली गेली नाही’ हे तिच्या संशोधनाचे मर्म सांगणारे वाक्य तिसऱ्या पानाच्या तळाशी दडले होते. ते वाक्य पहिल्या पानावर आणताच आधीची दीड पाने अनावश्यक असल्याचे तिला स्वतःलाच दिसले. त्या वाक्यात व्याकरणाच्या दोन चुका होत्या. त्या दुरुस्त करायला पाच मिनिटेही लागली नाहीत.

उत्तर २:
वाक्ये उचलण्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण विद्यार्थ्याचे खरे नुकसान तेथे होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांनुसार प्रबंधाचे इतरांच्या लेखनाशी असलेले साम्य 10 टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. 10 ते 40 टक्के असेल तर ठरलेल्या मुदतीत सुधारित प्रबंध द्यावा लागतो, 40 ते 60 टक्के असेल तर वर्षभर तो सादर करता येत नाही आणि त्याहून अधिक असेल तर नोंदणीच रद्द होते. हे विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला सांगावे, परंतु केवळ धाक दाखवून भागत नाही. नवी भाषा शिकणारा बहुधा फसवण्यासाठी वाक्य उचलत नाही. ते आपल्याला इतके चांगले लिहिता येणार नाही, असे त्याला मनापासून वाटत असते. मी त्यांना उतारा वाचून बाजूला ठेवायला लावतो, त्यातला मुद्दा शेजारच्या विद्यार्थ्याला मराठीत सांगायला लावतो आणि मगच इंग्रजीत लिहायला सांगतो. मूळ मजकूर डोळ्यांसमोर नसला की नक्कल आपोआप घटते, आणि ज्याला मुद्दाच उमगलेला नाही तो मराठीत सांगतानाच अडखळतो.

उत्तर ३:
वरील दोन्ही उत्तरांशी सहमत आहे, तरी व्याकरण वाऱ्यावर सोडू नये. व्याकरणाच्या दुरुस्त्यांनी लेखन सुधारत नाही, असे दुसऱ्या भाषेतील लेखनाचे अभ्यासक जॉन ट्रसकॉट यांनी 1996 मध्ये मांडले, तर 1999 मध्ये त्याच क्षेत्रातील डेना फेरिस यांनी त्याचा प्रतिवाद केला. हा वाद पुढे बराच चालला. मी एका खर्ड्यात एकाच प्रकारच्या चुकांवर खूण करते आणि दुरुस्ती विद्यार्थ्याकडूनच करून घेते. ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ या उपपदांच्या चुका सर्वांत शेवटी घेते, कारण मराठीत उपपदेच नसल्यामुळे त्या अंगवळणी पडायला वर्षे लागतात आणि त्यांनी अर्थाचा घोटाळा क्वचितच होतो. याउलट निष्कर्षाचा जोर चुकला तर अर्थच बदलतो. एका हंगामाच्या, एकाच प्रक्षेत्रावरील प्रयोगावरून ‘सिद्ध झाले’ असे लिहिणारा विद्यार्थी परीक्षकाच्या पहिल्याच प्रश्नाला निरुत्तर होतो. तेथे ‘प्रूव्ह्ज’ऐवजी ‘सजेस्ट्स’ का लिहायचे, हे त्याच्याच तक्त्यातील आकडे समोर ठेवून समजावले की त्याला ते पटते.