जुनी सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेतलेल्यांनो, तुमच्या गाडीने कुठे कुठे रडवलं?

सुरुवात मी करतो. बॉडी चकाचक, किलोमीटर कमी, मला वाटलं लॉटरी लागली. पण तेच कमी किलोमीटर नडले, गाडी वर्षानुवर्षं नुसती उभी होती आणि रबर-प्लॅस्टिकला मीटर कळत नाही, वय कळतं. तिसऱ्या महिन्यात कूलंटच्या टाकीला बारीक चीर, ती बदलली तर नळी गेली, नळी बदलली तर वॉटर पंप गळायला लागला. दर वेळी कूलंट काढा, नवीन भरा, एअर काढा, लेबर वेगळं. सगळं एकदम केलं असतं तर बरंच स्वस्त पडलं असतं. तुमचं पण लिहा, पार्टला किती आणि लेबरला किती गेलं ते खास लिहा.

---

लेबरचं विचारूच नका. माझी दोन सीटर, इंजिन सीटच्या मागे. तिसऱ्या गिअरला पाय दाबला की आरपीएम वर जायचा, स्पीड तिथल्या तिथे, म्हणजे क्लच संपला. गिअरबॉक्स खाली उतरवल्यावर मेकॅनिक म्हणाला, साहेब उघडलंच आहे तर क्रँकचं मागचं ऑइल सील पण टाकून घ्या. मी शहाणा, नको म्हटलं. सात महिन्यांत सील गळलं, नवीकोरी क्लच प्लेट तेलात भिजली, गिअरबॉक्स परत खाली. सील तळहातावर मावेल एवढं, बिल मात्र पहिल्याइतकंच. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

---

म्हणूनच पोर्शाची जुनी बॉक्सटर (९८६ पिढीची) किंवा ९११ (९९६ पिढीची) असलेले बरेच जण क्लचच्या कामातच आयएमएस बेअरिंग (इंजिनातल्या मधल्या शाफ्टचं बेअरिंग) पण उरकतात. ते गिअरबॉक्सच्याच बाजूला असतं आणि फुटलं तर अख्खं इंजिन जाऊ शकतं. सगळ्यांचं फुटतं असं नाही हो, उगाच झोप उडवून घेऊ नका.

आणि कोणी माझ्दा आरएक्स-८ बघत असेल तर रोटरी इंजिन (पिस्टनऐवजी आत रोटर फिरतो ते) तेल खाणारच, आतल्या सीलना वंगण मिळावं म्हणून तेल मुद्दामच आत सोडलेलं असतं. दर एक-दोन टाक्यांना डिपस्टिक बघायचा कंटाळा असेल तर त्या वाटेला जाऊ नका. घेण्याआधी रोटरीच्या खास मीटरवर कॉम्प्रेशन (इंजिनात किती दाब बनतो ते) काढा, साध्या गेजने नीट कळत नाही. गरम इंजिन बंद करून लगेच परत स्टार्टर मारून बघा, तेव्हा कुरकुरली तर समजून जा.

---

माझी कापडी टपाची. आत कुबट वास यायचा, विकणारा म्हणाला नुकतीच धुतलीय. कसली धुतलीय, टपाचं पाणी जायची भोकं पाचोळ्याने तुंबलेली आणि सगळं पाणी कार्पेटखाली. सीटखालचं लॉकचं मॉड्यूल गंजून हिरवं झालेलं, गाडी मधूनच स्वतःला कुलूप लावून घ्यायची. भोकं साफ करायला जाड नायलॉनची दोरी पुरली, मॉड्यूलने मात्र बोनस खाल्ला.

---

टायरची नक्षी बघून भुलू नका, बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा. १४१२ म्हणजे २०१२ चा चौदावा आठवडा. माझे दिसायला नवे होते, ओल्या रस्त्यावर गाडी साबणावर ठेवल्यासारखी सरकली. चारही बदलले.

---

माझ्या पॉप-अप हेडलाइटवालीचा एक डोळा उघडतो, दुसरा झोपलेलाच. रात्री निघायचं तर बॉनेट उघडून मोटरवरचा नॉब हाताने फिरवत बसतो, लोक थांबून बघतात. पार्ट स्वस्त आहे म्हणे. पण सध्या ब्रेकचं बिल फेडतोय, त्यामुळे बाईसाहेब डोळा मारतच फिरतात.