सार्वजनिक विहिरीत नायट्रेट ६२: क्लोरिनेशन नियमित असताना पुढे काय करावे?

विहीरकाठ (ग्रामपंचायत सदस्य, बुलढाणा जिल्हा)

सुमारे नऊशे वस्तीच्या आमच्या गावाला एकाच सार्वजनिक विहिरीचे पाणी मिळते. ते ५०,००० लिटरच्या टाकीत चढवून, टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकून सकाळी नळाला सोडले जाते. जलसुरक्षक रोज ओटी चाचणी (पाण्यात उरलेला क्लोरीन पाहण्याची) घेतात आणि जैविक तपासणीचे अहवालही चांगले आहेत. मात्र पावसाळ्यानंतरच्या रासायनिक तपासणीत नायट्रेट ६२ मिलिग्रॅम प्रति लिटर निघाले आणि शेरा आला, 'पिण्यास अयोग्य'. मासिक सभेत कोणी पावडर वाढवा म्हणाले, तर कोणी पाणी उकळून पिण्याची दवंडी द्या म्हणाले. गावात तान्ही बाळे आहेत, त्यामुळे काळजी वाटते. पर्यायी स्रोत सापडेपर्यंत पुरवठा बंद करावा का, आणि ग्रामपंचायतीने नेमके काय केले पाहिजे?

काचनळी (पाणी तपासणी प्रयोगशाळेत काम)

सभेत सुचवलेल्या दोन्ही उपायांनी नायट्रेट कमी होत नाही. क्लोरीन जंतूंना मारते, विरघळलेल्या क्षाराला ते काही करत नाही; आणि उकळल्याने पाण्याची वाफ होऊन नायट्रेट मागेच उरते, म्हणजे त्याचे प्रमाण उलट वाढते. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा ४५ आहे आणि पर्यायी स्रोत नसला तरी तिच्यात सवलत नाही. कठीणपणाचे तसे नाही. तिथे २०० च्या वर गेले तरी पर्याय नसल्यास ६०० पर्यंत चालवून घेतात.

आधी अहवालातले एकक पाहावे. काही ठिकाणी निकाल नायट्रेट म्हणून देतात, तर काही ठिकाणी नायट्रोजन म्हणून, आणि दोहोंत सुमारे ४.४ पटींचा फरक असतो. आपला ६२ हा आकडा नायट्रेट म्हणून असेल, तर तो नायट्रोजनच्या भाषेत १४ होतो. क्षेत्रीय संचाच्या (गावातच पाणी तपासायच्या किटच्या) रंगपट्टीवर १४ वाचून कोणी 'मर्यादेत आहे' असे समजले, तर घोटाळा होईल. त्यानंतर फेरतपासणीसाठी नमुना द्यावा. पंप काही वेळ चालवून, बाटली त्याच पाण्याने विसळून भरावी आणि थंड ठेवून शक्य तितक्या लवकर पोहोचवावी.

खरा धोका सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना आहे. नायट्रेटचे शरीरात नायट्राइट होते, रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते आणि ओठ व नखे निळसर पडू लागतात. तसे दिसल्यास बाळाला ताबडतोब दवाखान्यात न्यावे. अंगावरचे दूध सुरू ठेवावे. पावडरचे दूध मात्र या पाण्यात मुळीच कालवू नये.

काळाकातळ (भूजलशास्त्र)

पुरवठा बंद करू नका. आंघोळ, धुणीभांडी आणि जनावरे यांना हे पाणी चालते. पुरवठा थांबवला तर लोक उघड्या शेतविहिरींकडे वळतील आणि कावीळ-गॅस्ट्रोचा अधिक जवळचा धोका ओढवेल. पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी तेवढे वेगळे पाणी पाहावे.

हा प्रश्न एकट्या आपल्या गावाचा नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात नायट्रेटने अधिक बाधित जिल्ह्यांत बुलढाण्यासह वर्धा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव आणि यवतमाळ आहेत. आपल्याकडील बेसाल्टच्या (काळ्या खडकाच्या) वरच्या झिजलेल्या थरातून आणि भेगांतून पाणी झपाट्याने मुरते, आणि नायट्रेट मातीला चिकटून राहत नसल्यामुळे उकिरडा, गोठा, शोषखड्डा आणि शेतातला युरिया यांचा अंश पहिल्या पावसांबरोबरच विहिरीत उतरतो. विहिरीभोवती एकदा पायी फिरून पाहा. चढाच्या अंगाला उकिरडा आहे का, कठड्याबाहेरचा ओटा तडकला आहे का, वरच्या कड्यांच्या सांध्यांतून पाणी पाझरते का? उकिरडा हलवणे, ओटा नव्याने करणे आणि वरचे काही मीटर बांधकाम पाणीबंद करणे यांना फार खर्च येत नाही, पण आकडा उतरायला एक-दोन पावसाळे जाऊ शकतात.

तोवर जवळ कमी नायट्रेटची विंधन विहीर असेल, तर मिश्रण करता येते. समजा तिचे नायट्रेट २४ आहे. निम्मे-निम्मे मिसळल्यास ४३ येईल, जे काठावरचे आहे, तर साठ टक्के पाणी विंधन विहिरीचे घेतल्यास सुमारे ३९ येईल. मात्र खोल पाण्यात फ्लोराइड असू शकते, त्यामुळे ते १.० च्या आत असल्याची खात्री केल्याशिवाय टाकीत पाणी घेऊ नका.

दप्तर (ग्रामसेवक)

कागदोपत्री बाजू सांगतो, कारण ती बहुधा अर्धवट राहते. अहवाल ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीपुढे ठेवून ठराव घ्यावा आणि फेरतपासणी व पर्यायी स्रोताची मागणी पंचायत समितीकडे लेखी करावी. आशाताई आणि अंगणवाडीसेविका यांच्याकडून तान्ह्या बाळांच्या घरांची यादी घेऊन, त्या घरांना पाणी कुठून मिळणार हे ठरावातच लिहावे. वर्षातून दोनदा होणाऱ्या पाणी स्रोतांच्या स्वच्छता सर्वेक्षणातले हिरवे (कमी जोखमीचे) कार्ड दाखवून कोणी समाधान मानू नये. ते प्रामुख्याने परिसर, गळती आणि क्लोरिनेशन यांवर ठरते.

टीसीएलचा हिशोबही तपासावा. ३३ टक्के क्लोरीन असलेली पावडर हजार लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे आपल्या टाकीला २५० ग्रॅम लागते. दमट खोलीत उघडी राहून ती २५ टक्क्यांवर आली असेल, तर ३३० ग्रॅम. बादलीत कालवून गाळ खाली बसू द्यावा, वरची निवळी टाकीत ओतावी, अर्धा तास थांबावे आणि शेवटच्या नळाला किमान ०.२ क्लोरीन मिळते का ते पाहावे.

विहीरकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एक दाते आरओ यंत्र देण्यास तयार आहेत. ते स्वीकारावे का?

काचनळी

स्वीकारावे, कारण आरओने नायट्रेट बरेच उतरते, परंतु देखभालीचा खर्च कोण करणार हे आधीच लिहून घ्यावे. यंत्रातला पाणी गाळणारा पडदा निकामी झाल्याचे चवीवरून कळत नाही, म्हणून बाहेर येणाऱ्या पाण्याचे नायट्रेट संचावर दरमहा पाहावे. त्या पाण्यात क्लोरीन उरत नसल्यामुळे कॅन आणि तोट्या स्वच्छ ठेवाव्या लागतील. यंत्रातून वाया जाणाऱ्या पाण्यात नायट्रेट अधिकच दाट झालेले असते. त्याचा निचरा विहिरीच्या उताराखाली, दूर न्यावा.