परतलेल्या शिपायाची गाणी: नेमकी खूण कोणती धरायची?

बोरीकाठ:
अमळनेर-पारोळा पट्ट्यातली जात्यावरची आणि आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) गाणी गोळा करायला घेतली आहेत. लढाईवरून परतलेला नवरा हा धागा त्यात शोधायचाय. पण वाट पाहण्याची गाणी ढीगभर. त्यातली कोणती धरायची, कोणती सोडायची? होमरच्या ओडिसी या ग्रीक महाकाव्याची कथा यांच्याशेजारी ठेवता येईल का?

जातंपाळू:
भाऊ, आधी येणारा कोण ते बघा. आखाजीला लेकी माहेरी येतात, म्हणून झोक्यावरच्या गाण्यात वाट पाहतात ती बहुतेक मुराळ्याची, न्यायला येणाऱ्या भावाची. घोडा आणि पागोटं दिसलं म्हणून त्याला शिपाई ठरवलं की सगळी मोजदाद फसते. राजस्थानी वळणाचं गाणं मिळालं तर आणखी जपा, तिथे 'बीरा' म्हणजे भाऊ, लढवय्या नव्हे.

'शिपायाचं गाणं येतं का' असं विचाराल तर बाई नाहीच म्हणेल. 'घरधनी चाकरीला गेल्याचं म्हणा' असं सांगा. पलटण, छावणी, लष्कर, मोहीम यातला शब्द आला की वहीत नोंद करा. आणि तीच गाणी दोन वेगळ्या दिवशी म्हणवून घ्या. जात्यावरच्या ओव्या सुट्या असतात, आठवेल तशा एकीला दुसरी जोडतात. जाण्याची ओवी आणि परतण्याची ओवी एकाच गोष्टीतली असेलच असं नाही, आणि घोळ होतो तो इथेच. गाणारीचं माहेरचं गावही लिहा, पुष्कळ ओव्या तिथून आलेल्या असतात.

पानिपत१७६१:
ओडिसी जरूर ठेवा, पण ओळख कशी पटते तेवढंच ताडून बघा. लोककथांच्या आंतरराष्ट्रीय सूचीत परतलेल्या नवऱ्याच्या कथेला ९७४ क्रमांक आहे. ओडिसीचा नायक ओडिसिअस युद्धावरून २० वर्षांनी भिकाऱ्याच्या वेशात येतो. पाय धुताना म्हाताऱ्या दाईला जुना व्रण दिसतो आणि ती ओळखते. त्याची बायको पेनेलोपी मात्र व्रणावर विश्वास ठेवत नाही. ती पलंग बाहेर काढायला सांगते, आणि तो चिडतो. जमिनीत रुजलेल्या ऑलिव्हच्या बुंध्यातूनच त्यानं तो पलंग घडवलेला, हलणार कसा? ही खूण दोघांतच राहिलेली. व्रण चारचौघांना दिसतो, सोंगाड्याला तो उसना घेता येतो. राजस्थानी पणिहारीच्या (पाणी भरणारीच्या) गाण्यात उलट आहे: परतलेला नवराच पाणवठ्यावर अनोळखी बनून बायकोला पारखतो. तुमच्या गाण्यात पारख कोण करतं, हे पहिल्या रकान्यात लिहा.

आपल्याकडे याची काळी बाजूही घडलेली आहे. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला, सुखनिधान नावाचा, आणि १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला. चेहरामोहरा जुळला की माणसं पटकन मानतात, कारण त्यांना तो परत हवाच असतो. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई १७८३ मध्ये वारल्या, तोवर त्यांनी वैधव्य स्वीकारलं नव्हतं.

सीमोल्लंघन:
एक भर. पलटणीतून सुटलेला शिपाई हा वेगळा धागा, तो नवऱ्याच्या कथेत मिसळू नका. ग्रिम बंधूंच्या एका कथेत अशा शिपायाला सुटताना एक छोटा पाव आणि चार क्रॉयझर (किरकोळ नाणी) मिळतात, बस. त्याची वाट पाहणारं कोणी नाही, म्हणून तिथे खूणही लागत नाही.

आणि गाण्यात 'बारा वर्सं' आली तर आकडा अतिशयोक्ती म्हणून गाळू नका. बारा वर्षं खबर नसेल तर पुतळा करून क्रियाकर्म उरकण्याची रीत आहे. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम १०८ नं माणूस मेला असं धरायची मुदत सातवर आणली, पण ओवी बाराच म्हणते. तेरावं लागायच्या आत आला की नंतर, एवढं बाईला विचारून घ्या.