सिंहाच्या जबड्यावरचे हात
भविष्य बघायच्या टॅरो पत्त्यांमधला 'स्ट्रेंथ' (शक्ती) हा पत्ता निघाला की कंबर कसून भिडायचं, असं काहीजण सांगतात. मला नाही पटत. पामेला कोलमन स्मिथ यांनी काढलेलं १९०९ च्या रायडर-वेट संचातलं चित्र नीट बघा. बाईच्या हातात शस्त्र नाही, तिने सिंहाच्या जबड्यावर नुसते हात ठेवलेत, आणि चेहरा किती शांत! पंधराव्या शतकातल्या व्हिस्कॉन्टी-स्फोर्झा संचात याच पत्त्यावर सिंहावर सोटा उगारलेला पुरुष आहे. कंबर कसून भिडायचा अर्थ त्या चित्राला शोभतो.

वडिलांना अर्धांगवायू झाला तेव्हा वाटीभर मऊ भात भरवायला पाऊण तास लागायचा. घास ओठांच्या कोपऱ्यातून ओघळायचा, ते मान फिरवायचे, आणि माझा पारा चढायचा. हा पत्ता मी पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला होता. भविष्य विचारायला नाही, फक्त बघायला. चिडले की त्या बाईचे हात बघायचे आणि मग माझे. चमचा किती घट्ट धरलाय ते तेव्हा कळायचं. पकड सैल केली की बाबाही हळूहळू तोंड उघडायचे.